तिसऱ्या नोझलचा नट

— नाय नाय, तिकडं नको, इकडं बसा, माझ्या डाव्या बाजूला. तिकडं ऊन येतं. म्हंजे, येईल थोड्या वेळानं. हा स्टूल घ्या, पुसलेला हाय — तुमची पॅन्ट पांढरी, आणि आमच्या लोधिवलीचं ग्रीस एकदा लागलं की पुण्याला जाऊन पण निघायचं नाय. हां. आता बोला. … काय? … साहेब, तोंड वर करून बोला जरा. खाली पोरीच्या फाइलीत बघून बोललात तर मला कसं कळणार — हा जुना हायवे, ट्रक काय दोन मिनटं थांबतात? इथं सगळ्यांनाच वरडून बोलायची सवय. … लिहून कशाला दाखवता? मी काय बहिरा हाय? … बरं, लिहिलंच हाय तर वाचतो. आणा. चष्मा कुठं गेला… कपाळावरच हाय. "विनिता कुठे भेटेल?" — माझ्या पोरीचं तर मी मघाशीच सांगितलं. नाशिकला. मावशीकडं ऱ्हाते, दातांच्या दवाखान्यात केसपेपर काढते. दोन वर्षं झाली. हां, इंजिनेर हाय. कर्जतच्या बाजूला कॉलेज केलं, मेकॅनिकल, चौसष्ट पोरं आणि तीन पोरी, त्यात ही. आणि आता लोकांची नावं विचारते, वय विचारते, कुठला दात दुखतो विचारते. चांगलं काम हाय. पंख्याखाली बसून हाय.

अकराला किती कमी हाय हो? … वीस. बरं. मला अकराला एक काम असतं रविवारचं. तवर बसा. चहा घ्याल? ललिता असती तर वड्या पण दिल्या असत्या, पण ती गेली, विनिता दहावीला असतानाच — माझी बायको. तवापासून पोरगी शाळेतनं सरळ इथं यायची, गॅरेजात. मी कुठं ठेवणार तिला? त्या रॅकखाली बसून अभ्यास करायची, आणि मी हात बाहेर काढला की न मागता पाना हातात. चौदाचा पायजे तर चौदाचाच. कसं कळायचं ते मला ठाऊक नाय. मी कधी विचारलं पण नाय. चांगल्या गोष्टीचं कोण विचारतं, वाईट झालं की विचारतो माणूस.

ही पोरीनं बनवलेली डबी, इंजिन तपासायची. हां, हीच ती. वास घ्या — अजून जळक्या ऑइलचा वास येतो ना? रॉकेलनं धुतली होती तिनं, तरी ऱ्हायला वास. कशामुळं ते सांगतो — नाय, ते जाऊ द्या. ती कशी चालते ते तुमाला ठाऊकच असणार, तुमी पुण्याच्या इंजिनांच्या कंपनीतले इंजिनेर, पण मला तिनं जसं सांगितलं तसं सांगतो. गॅसचा लायटर असतो ना, दाबला की ठिणगी पडते? आत एक दगड असतो, तो चेपला की वीज देतो. तसलीच चकती. पहिल्यांदी तिनं खेळण्यातल्या बझरमधल्या पितळी चकत्या काढल्या, त्या भाजून गेल्या — तीनदा. मंग लॅमिंग्टन रोडवरनं मातीच्या भाजलेल्या रिंगा आणल्या, वर-खाली अभ्रक घातलं, आणि डिझेल फवारणारं नोझल दाबून धरणारा जो क्लॅम्प असतो त्याच्या नटाखाली बसवल्या. सिलिंडरमधी भडका झाला की दाब नोझलला वर ढकलतो, नोझल क्लॅम्पला ढकलतो, क्लॅम्प नटाला — केसायेवढं सुद्धा नाय. पण तेवढ्यात ती रिंग चिमटते आणि वीज देते. चार सिलिंडर, चार रिंगा, फोनच्या पडद्यावर रेघेचे चार डोंगर. बोलायची, "बाबा, चारी सारखे पायजेत. एखादा बुटका निघाला का उशिरा वर आला, तर तो आजारी." इंजिन उघडायचंच नाय. आतला दाब बाहेरनं बघायचा. कंपनीचा सेन्सर म्हंजे एका जुन्या गाडीची किंमत, आणि हिची रिंग वडा-चहाच्या पैशात. मी काय बोललो ठाऊक हाय? मी बोललो, "डोंगर बघायचे तर मागल्या दारी जा, प्रबळगड दिसतो."

हसली होती तेव्हा. पहिल्यांदी हसली होती.

कारण साहेब, माझा कान होता. होता म्हंजे — हाय. खोपोलीपासून कर्जतपर्यंत विचारा, किशोर मेस्त्रीचा कान कोणाला ठाऊक नाय? लांब स्क्रूड्रायवर घ्यायचा, टोक इंजिनाच्या हेडवर, मूठ कानाशी, डोळे मिटायचे. दोन मिनटांत सांगणार — तिसरं नोझल ठिबकतंय, पहिल्याची रिंग गेली, टायमिंग एक दात मागं हाय. बोरघाटातनं टोचन करून गाड्या आणायचे लोक माझ्याकडं, मधी दहा गॅरेजं सोडून. आणि नट कसला का नाय ते पण कानानं. आमच्या गुरूनं शिकवलेलं — चारी नट कसून झाले की पान्याच्या टोकानं एकेकावर टिचकी मारायची. घट्ट नट ठण बोलतो. ढिला नट ठक बोलतो. तो टॉर्क पाना घेतला होता पोरीनं, नट पुरता आवळला की कट्ट वाजतो तो, तिच्या पहिल्या बक्षिसातनं घेतला होता — मी त्याला हात लावला नाय. मी बोललो, ज्याला कान नाय त्यानं वापरावा.

… काय लिहिताय? … "फाइलीतल्या आकृतीत बझर आहे. डबीत दिवे कसे?"

हुशार हाय तुमी. नाय, चांगलं हाय, नीट बघितलंत. त्याचं काय झालं — गॅरेजमधी आवाज किती असतो, बझर कोणाला ऐकू जाणार. म्हणून दिवे. चार सिलिंडरचे चार, बरा असला तर हिरवा, आजारी असला तर लाल. आणि बघा, केवढे मोठे, स्कूटरच्या इंडिकेटरयेवढे. … हां, कॉलेजात दाखवली तेव्हा बझरच होता. सरांना बझर आवडला होता. इथं आणल्यावर काढला. एक दिवस मला बोलली, "बाबा, हा बझर वाजतोय ना नीट?" आणि डबी माझ्यासमोर धरली. मी बोललो, "हां, वाजतो की. कर्कश्श हाय जरा." डबी घेऊन गेली आत. दुसऱ्या दिवशी दिवे.

त्या दिवशी तिनं बझरची वायरच लावली नव्हती, साहेब.

हे मला नंतर कळलं. लई नंतर. फाइलीत मागच्या बाजूला पेन्सिलीनं लिहिलंय बघा, तुमी वाचलं नसंल — तारीख, आणि "बझर बंद ठेवून विचारले. दिवे लावणे." येवढंच. बाकी कोणाला काय कळणार त्यातनं? मला कळलं.

आता तुमाला कळलंच असंल, लपवून काय करू. तुमी मघापासनं डाव्या कानाशी वाकताय. तो थोडा चालतो. उजवा गेला. छत्तीस वर्षं मशिनीच्या तोंडाशी कान, जायचाच. पहिल्यांदी बारीक आवाज जातात म्हणे. घरात कुकरच्या शिट्ट्या मोजायचं काम माझं होतं, तर डाळ करपायला लागली. पोरगी बोलायची, "कुकर बिघडलाय बाबा." नवा आणला. नव्यात पण करपली. मंग ती बोलली, "शिट्ट्या मीच मोजते, तुमचं लक्ष नसतं." लक्ष नसतं, येवढंच बोलली. कान नाय असं एकदा पण बोलली नाय. आणि मी? मला ठाऊक नव्हतं काय? ठाऊक होतं. पण मेस्त्रीचा कान गेला हे हायवेवर कळलं, तर मेस्त्रीत ऱ्हातं काय? स्क्रूड्रायवर लावायचो, डोळे मिटायचो, आणि मुठीत जे थरथरायचं त्यावरनं अंदाजानं बोलायचो. बरोबर पण यायचं पुष्कळदा. असं मला वाटायचं, की बरोबर येतंय.

… हे शेवटचं पान नका उघडू. … साहेब, मी वाचलंय ते. तोंडपाठ हाय. "प्रत्यक्ष वाहनावरील चाचणी — अपयशी. रिंगमुळे क्लॅम्पचा नट ढिला होऊन नोझल निसटले. उपकरण वापरण्यास असुरक्षित. जबाबदारी माझी." खाली तिची सही. तुमी येवढ्या लांबनं ह्याच पानासाठी आलात ना? मी मघापासनं तुमाला डोंगर दाखवतोय, लायटर दाखवतोय, आणि तुमचं बोट त्या पानावरनं हलत नाय. … काय? लिहा. … "आमच्याकडे हीच रिंग दोनशे तास चालवली. नट हलला नाही. मग इथे काय झाले?"

आणि ह्याचं उत्तर मिळालं तर? … लिहा, लिहा. … "तर विनिताला आमच्याकडे घ्यायचे आहे. हेच काम पुढे न्यायला."

हं.

पाणी पितो जरा.

धाकलू म्हणून एक हाय. वरच्या ठाकरवाडीतला. काकडी, शिराळी, कारली पिकवतो उतारावर, आणि वाडीतल्या सगळ्यांचा माल एकाच पिकपमधनं बाजारात न्यायचा — वाडीतली पहिली गाडी ती, जुनीच घेतलेली, पण हार घालून आणली होती. त्या दिवशी शुक्रवार, त्याला शनिवारच्या बाजाराला लोणावळ्याला जायचं होतं, गाडी मिसिंग मारत होती. पोरीनं नटाखाली चार रिंगा घातल्या, डबी लावली. तिसरा दिवा लाल. मी स्क्रूड्रायवर लावला, डोळे मिटले, आणि बोललो, दुसरं नोझल. ती हळूच बोलली, "बाबा, तिसरं बघा एकदा." मी बोललो, दुसरं. इथं पाच-सहा गिऱ्हाईकं उभी. आणि धाकलू हसला. वाईट नाय हसला हो, तो माणूसच हसरा. बोलला, "मेस्त्री, पोरगी पुढं गेली काय तुमच्या?" बस. येवढ्यावरनं माझं डोकं फिरलं. मी वायरी उपटल्या. डबी त्या ड्रममधी टाकली, जळक्या ऑइलच्या. चारी नट सोडून रिंगा काढल्या न फेकल्या. आणि तिला सगळ्यांसमोर बोललो, "घरी जा. भाकऱ्या थाप. इंजिनाला हात लावायचा नाय आजपासून." पंचवीस वर्षांची पोरगी, इंजिनेर. मान खाली घालून गेली. जाताना त्या ड्रममधनं डबी तेवढी काढून घेतली, कोपरापर्यंत हात काळा करून.

मंग मी दुसरं नोझल उघडलं. चांगलं होतं. साफ केलं, बसवलं, जसं काय तेच खराब होतं. चारी नट परत लावले. लावताना माझं तोंड चालू — आजकालची पोरं, दोन बुकं शिकली की बापाला शिकवतात — बोटानं फिरवत होतो, पाना लावत होतो, आणि बोलत होतो. एक, दोन, चार. तिसऱ्याला पाना लावला का? मी दोन वर्षं रोज रात्री तो नट लावतोय, साहेब, झोपेत. दर वेळी बोटानंच फिरवून पुढच्यावर जातो. पण नट ढिला ऱ्हायला तरी एक वेळ चालतं, कारण टिचकी असते ना शेवटी. टिचकी मारली. ठण, ठण, ठण, ठण. चारी ठण.

मला ठण ऐकू आलं. खोटं नाय सांगत. छत्तीस वर्षं जो ठण ऐकला तो मला आतनंच ऐकू आला. बाहेर त्या नटानं काय केलं ते देवाला ठाऊक.

आणि हे कोणाला सांगितलेलं नाय, तुमाला सांगतो. गाडी चालू केली तेव्हा धाकलू बोलला, "मेस्त्री, काय तरी फुसफुसतंय." त्याला ऐकू आलं. ज्याला पाना धरता येत नाय त्याला ऐकू आलं. मला काय कळलं नाय, त्याचे ओठ बघून शब्द तेवढा कळला. तेव्हा बोलायला हवं होतं मी, बाबा रं, मला ऐकू येत नाय, पोरीला बोलव. घर ते बघा, तिथं, त्या पेरूमागं. हाक मारली असती तर आली असती. मी काय बोललो? "नवीन साफ केलंय, बसंल दहा किलोमीटरमधी." असं बोललो, आणि गाडीच्या दारावर थाप मारली.

घाटात, खोपोलीच्या वर, दुसऱ्या वळणाला तिसरं नोझल उडालं. डिझेल गरम सायलेन्सरवर. सीटच्या खालीच इंजिन. धाकलू वाचला, उडी टाकली त्यानं, पण उजवा हात इथपासनं इथपर्यंत भाजला. बोटं अजून मिटत नायत पूर्ती. गाडी जळली, वाडीची काकडी जळली. मी घाटात गेलो होतो बघायला, काकडी भाजल्याचा वास असतो हे मला तेव्हा पहिल्यांदी कळलं.

तिसऱ्या दिवशी वाडी आली इथं. भांडायला नाय हो — ती माणसं भांडत नायत, गप उभी ऱ्हातात, त्यानं जास्त भीती वाटते. धाकलूचा हात असा बांधलेला. म्हातारे, बाया, चाळीस-पन्नास जण. बाजूचे गॅरेजवाले, टपरीवाले सगळे गोळा झाले. धाकलूनं विचारलं, "मेस्त्री, काय झालं असंल?" नुसतं विचारलं. आरोप नव्हता त्यात. आणि साहेब, माझ्या तोंडातनं काय आलं — मी ठरवलं नव्हतं, देवाशप्पत ठरवलं नव्हतं — मी बोललो, "पोरीनं नटाखाली ते खेळणं घातलं होतं. त्यानं नट ढिला झाला."

ती तिथं उभी होती. त्या रॅकपाशी. तिला ठाऊक होतं रिंगा मी काढल्या. धाकलूला पण दिसलं होतं, पण त्याला काय कळणार आधी का नंतर, कशानं काय होतं ते. बोलणारी एकच होती तिथं. तिनं तोंड उघडलं असतं तर मला दोन वाक्यांत संपवलं असतं. तिनं माझ्याकडं बघितलं. किती वेळ? एक श्वासभर. मंग ती पुढं झाली आणि बोलली, "हो. माझ्यामुळं झालं." धाकलूच्या पाया पडली. मी तिचे ओठ वाचले, साहेब. ऐकू नाय आलं. वाचलं. तेवढं एक वाक्य मला कधी चुकीचं वाचता आलं असतं तर बरं झालं असतं.

हायवेवर झालंच मंग — मेस्त्रीच्या पोरीच्या खेळण्यानं धाकलूची गाडी खाल्ली. कॉलेजात कोणी तरी सांगितलं. तिच्या हातचं इंजिन कोण लावून घेणार? ते शेवटचं पान तिनं त्याच आठवड्यात लिहिलं आणि फाइल सरांना देऊन टाकली, तीच तुमच्याकडं आली; माझ्याकडं नुसती झेरॉक्स ऱ्हायली. आणि नाशिकची बस. मी पनवेलपर्यंत सोडायला गेलो. बसमधनं बोलली काय तरी खिडकीतनं, इंजिन चालू होतं, मी मान हलवली.

का गप ऱ्हायली, विचाराल. मला पण वाटलं, घाबरली असंल. सहा महिने हेच वाटत होतं, सोयीचं होतं ते. मंग एक दिवस भिसेगावचा एक टेंपोवाला आला, निलेश. हेडचं झाकण उघडलं तर प्रत्येक नटावर एक लाल टिपका, नटावरनं खाली क्लॅम्पपर्यंत ओढलेला. नेलपॉलिशचा. हे टिपके मी आधी बघितले होते, तिला रागवलो पण होतो, "इंजिनाला नटवतेस काय गं?" तर निलेश हसायला लागला. बोलला, "मेस्त्री, तुमाला ठाऊक नाय? तुमी टिचकी मारून जेवायला गेलात की पोरगी यायची. कट्ट-कट्ट करून सगळे नट परत तपासायची, मंग टिपका द्यायची. नट हलला तर टिपका तुटलेला दिसतो, बोलायची. आमाला बोलायची, बाबांना सांगू नका, त्यांना वाईट वाटंल." साहेब, दोन वर्षं. दोन वर्षं माझ्या हाताखालनं गेलेलं प्रत्येक इंजिन तिनं माझ्या पाठीमागं परत कसलं. माझा कान म्हणून जो हायवेवर चालत होता, तो तिचा हात होता. आणि एकच दिवस, एकच, तिला मागनं येता आलं नाय. कारण त्या दिवशी मी तिला घरी हाकलली होती.

अजून येतात ती इंजिनं. कोणाच्या हेडचं झाकण काढलं की आत लाल टिपके. एक पण तुटलेला नाय. मी काय करतो, ते नट सोडायच्या आधी जरा वेळ हात तसाच ठेवतो. गिऱ्हाईक विचारतं, काय झालं मेस्त्री. मी बोलतो, गरम हाय, थंड होऊ दे. इंजिनाच्या नावावर खपून जातं.

आणा ते पान. पेन आणा. आता लिहितोच, परत हिंमत ऱ्हायची नाय. तिच्या सहीच्या खाली जागा हाय ना? … "रिंगा मी काढल्या होत्या. तिसऱ्या नोझलचा नट मी कसला नाय. मला ऐकू येत नाय. डबीनं बरोबर सांगितलं होतं. — किशोर मेस्त्री, लोधिवली." पुढं काय पायजे? तारीख घाला तुमी. घ्या. आणि धाकलूला मीच जाऊन सांगणार, ते तुमी नाय सांगायचं. तो अजून येतो हो. पावसाळ्यात काकडी घेऊन येतो, डाव्या हातानं पिशवी धरून, आणि विचारतो, "पोरगी बरी हाय ना?" मी बोलतो, बरी हाय. ती काकडी मला गिळत नाय.

नंबर देतो तिचा, लिहून घ्या. तुमी बोला तिच्याशी, तुमाला ऐकू येतं. मी बोलतो दर रविवारी, पण — अकरा झाले काय? झालेच असतील. हा फोन बघा, वाजला की मागचा दिवा लागतो, तिनंच करून दिलंय जाताना. मेसेज पण करते रोज, जेवलात का, गोळी घेतली का, मी लिहितो हो. तेवढ्यानं भागतं ना? भागतं. तरी रविवारी अकराला फोन करते. ठाऊक हाय तिला, पक्कं ठाऊक हाय की मला ऐकू येत नाय. तरी दहा-दहा मिनटं बोलते. मी नुसतं हां बोलतो. मधी ती थांबते, मंग मी हां बोलतो, मंग परत बोलते. कानाला नुसती गुणगुण लागते, माशी बसल्यासारखी. शंभर रविवार झाले असतील, साहेब. मी विचार करतो, ज्याला ऐकू येत नाय हे ठाऊक हाय, त्याच्याशी माणूस काय बोलत असंल? शिव्या देत असंल? देऊ दे. का दिवसभराचं सांगत असंल, कोणाचा दात काढला ते? का —

लागला. दिवा लागला बघा.

हां बाळा. … हां. जेवलो. … हां.

साहेब, इकडं या. हा घ्या, कानाला लावा. तुमी बोलू नका काय, तिला कळायला नको. मधी मी हां बोलतो, मला सवय हाय. ही वही धरा. ती काय बोलते ते लिहा ह्याच्यावर. मोठ्या अक्षरात.

… हां, बाळा.

… काय बोलते? लिहा ना. … "बाबा, त्या दिवशी मी मागून येऊन नट तपासायला हवे होते." … हां.

… साहेब? … अहो, पेन का ठेवलंत?